दारातली रांग

रमजानचे शेवटचे दहा दिवस लागले की मोहल्ल्याच्या हालचालींना वेगळाच वेग येतो. मशिदीत एतेकाफला कोण बसणार ते ठरते, शिंप्यांच्या दुकानातले दिवे रात्रभर विझत नाहीत, आणि ज्यांच्या गाठीला चार पैसे आहेत त्यांच्या घरी वर्षाचा हिशेब मांडला जातो. सोने किती, रोकड किती, दुकानातला माल किती, कोणाकडून किती येणे आहे, त्यातून आपले देणे वजा, आणि उरलेल्या रकमेचे अडीच टक्के. जकातीचा हा हिशेब तिसरी-चौथीतल्या पोरालाही जमावा इतका सरळ आहे. खरा प्रश्न त्यानंतर येतो. ही रक्कम द्यायची कोणाला आणि द्यायची कशी?

२०२३ च्या रमजानात येमेनची राजधानी सना इथे काही व्यापाऱ्यांनी या प्रश्नाचे त्यांच्या परीने उत्तर दिले. एका शाळेच्या आवारात माणशी पाच हजार येमेनी रियाल, म्हणजे साधारण नऊ डॉलर, वाटायचे ठरले. बातमी पसरली. १९ एप्रिलच्या रात्री शेकडो माणसे अरुंद गल्लीत दाटली. गर्दी आवरायला हवेत गोळीबार झाला, विजेच्या तारेवर स्फोट झाला आणि माणसे पळत सुटली, असे प्रत्यक्षदर्शींनी सांगितले. किमान ७८ जण चेंगरून मेले. ईद दोन दिवसांवर होती.

त्याच रमजानात, तीन आठवडे आधी, कराचीच्या औद्योगिक भागात एका कारखान्याच्या फाटकात किमान ११ जणांचा असाच जीव गेला. त्यांत बहुतेक बायका आणि मुले होती. २०१५ च्या रमजानात बांगलादेशातील मैमनसिंह शहरात एका कारखानदाराच्या दारी जकातीचे कपडे मिळणार म्हणून सहेरीच्या वेळेपासून माणसे जमली. फाटक उघडले आणि किमान २३ जण पायदळी गेले. २०१८ मध्ये रमजान तोंडावर असताना चट्टग्राम जिल्ह्यातील सातकानिया इथे इफ्तारीचे सामान आणि कपडे घ्यायला आलेल्या किमान नऊ बायका मेल्या.

वाटणाऱ्यांची नियत वाईट होती असे म्हणायला जागा नाही. पैसे त्यांचे, सवाबची आशाही खरी. तरी एका साडीसाठी किंवा नऊ डॉलरसाठी माणूस पहाटेच्या अंधारात लहान मूल कडेवर घेऊन का उभा राहतो, आणि त्याला उभे का राहावे लागते, हे दोन्ही विचारायला हवे. येमेनमध्ये त्या वर्षी दोन कोटींहून अधिक लोकांना बाहेरच्या मदतीची गरज असल्याचे संयुक्त राष्ट्रसंघाने म्हटले होते. म्हणजे दर तीन माणसांमागे दोघांना. वर्षानुवर्षांचे युद्ध, बाहेरून विकत आणावा लागणारा गहू, बुडालेले पगार. अशा देशात नऊ डॉलर ही थोडीथोडकी रक्कम नव्हे, आणि रांगेतल्या कोणाच्याही आळसाचा त्याच्याशी संबंध नाही.

जगाचा ताळेबंद मांडला तर चित्र असे दिसते. जागतिक विषमता अहवाल २०२२ नुसार जगातील वरच्या दहा टक्के लोकांकडे एकूण संपत्तीपैकी ७६ टक्के आहे आणि खालच्या अर्ध्या लोकसंख्येकडे मिळून दोन टक्के. जागतिक बँकेने २०२५ मध्ये अतिगरिबीची रेषा रोजी तीन डॉलरवर नेली. त्या रेषेखाली आजही सुमारे ८० कोटी माणसे आहेत. पण याच मापाने १९९० मध्ये जगातील दर दहा माणसांत चार या रेषेखाली होती, आज साधारण एक आहे. गरिबी कपाळावर लिहून येते असे मानणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा. ती कमी होते, अनेक देशांत झाली आहे. कशामुळे झाली ते तपासून पाहता येते.

मराठीत 'जकात' म्हटले की वाचकाला अजूनही आधी जकात नाका आठवतो. ट्रकच्या रांगा, पावती फाडणारा कारकून, मुंबईच्या वेशीवरचे ते ताटकळणे. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि नाके गेले, पण शब्द राहिला. मूळ अरबी शब्द एकच. राज्यकर्त्यांच्या वसुलीच्या वहीत त्याचा अर्थ कर झाला आणि मशिदीच्या वहीत तो इबादत राहिला. गंमत अशी की दोन्हींतले सत्य थोडे थोडे एकमेकांकडे आहे. जकात ही खैरात नाही. देणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेली ती गोष्ट नाही, तो घेणाऱ्याचा हक्क आहे. कुरआनने सांगितलेल्या आठ हकदारांत फकीर आणि मिस्कीन आहेत तसेच कर्जात बुडालेले, गुलामीतून सुटू पाहणारे आणि वाटेत अडकलेले मुसाफिरही आहेत. आणि जकात गोळा करून वाटणाऱ्या माणसांचा मेहनतानाही त्याच यादीत आहे. म्हणजे हे काम घराच्या ओट्यावरून नव्हे, व्यवस्था उभारून करायचे आहे, हे गृहीतच धरलेले होते.

किती द्यावे, यावरही फुकहांनी खल केला. तेराव्या शतकातले शाफिई पंथाचे मोठे विद्वान इमाम नववी (रह.) यांचे म्हणणे असे की कारागिराला त्याची हत्यारे विकत घेता येतील इतके द्यावे, व्यापाऱ्याला त्याच्या धंद्याचे भांडवल होईल इतके द्यावे. भाजी विकणाऱ्याची गरज वेगळी आणि जवाहिऱ्याची वेगळी. मतलब असा की घेणाऱ्याने पुढच्या वर्षी पुन्हा हात पसरू नये. हजरत उमर बिन अब्दुल अजीज (रह.) यांच्या काळात उत्तर आफ्रिकेत जकात घ्यायला माणूस सापडेना, तेव्हा त्या पैशातून गुलाम सोडवले गेले, अशी नोंद इतिहासकारांनी केली आहे. रमजानच्या बयानांत ही गोष्ट दरवर्षी सांगितली जाते, आणि दरवर्षी साड्यांचे गठ्ठेही येतात.

इमाम नववींच्या या मताला आधुनिक काळात पुष्टी मिळाली ती, योगायोग म्हणावा तर, मैमनसिंहच्या त्या चेंगराचेंगरीच्याच देशातून. म्हणून बांगलादेशची कहाणी जरा सविस्तर पाहायला हवी.

१२ नोव्हेंबर १९७०. तोही रमजानचाच महिना. पौर्णिमेच्या आसपासची भरती आणि बंगालच्या उपसागरातून आलेले चक्रीवादळ एकाच रात्री भोला बेटावर आणि आसपासच्या किनाऱ्यावर आदळले. तेव्हा तो पूर्व पाकिस्तान होता. तीन ते पाच लाख माणसे गेली असे मानले जाते. नेमका आकडा कोणालाच ठाऊक नाही, कारण मोजायला गावेच उरली नव्हती. वादळ येत असल्याचे हवामान खात्याला कळले होते. ते वाळूच्या बेटावर झोपडीत राहणाऱ्या माणसापर्यंत पोहोचले नाही. गरिबीचा हाही एक अर्थ असतो. संकटाची खबर सर्वांत शेवटी मिळते, किंवा मिळतच नाही.

चितगावमध्ये शेल तेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेले फजले हसन आबेद तेव्हा मित्रांना घेऊन मनपुरा बेटावर मदतीला गेले. तिथे जे पाहिले त्यानंतर कंपनीतल्या आरामाच्या नोकरीत त्यांचे मन रमले नाही. १९७१ चे युद्ध झाले, देश स्वतंत्र झाला. आबेद यांनी लंडनमधले आपले घर विकले आणि १९७२ मध्ये सिल्हेट भागातल्या सुल्ला या आडबाजूच्या परिसरात, निर्वासित म्हणून गेलेले लोक परत येत होते तिथे, घरे बांधण्याचे काम सुरू केले. त्या कामातून 'ब्रॅक' ही संस्था उभी राहिली. पुढे ती जगातल्या सर्वांत मोठ्या स्वयंसेवी संस्थांपैकी एक झाली.

त्या काळी बंगालमध्ये लहान मुले सर्वांत जास्त कशाने मरत असतील तर जुलाबाने. शरीरातले पाणी आणि क्षार निघून जातात आणि मूल एक-दोन दिवसांत हातचे जाते. उपाय म्हणजे शिरेतून सलाइन. पण त्याला दवाखाना लागतो, सुई लागते, डॉक्टर लागतो. ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश या दोघा तरुण डॉक्टरांनी १९६८ मध्ये दाखवून दिले की पाण्यात मीठ आणि साखर ठरावीक प्रमाणात घालून पाजले तर आतडे ते शोषून घेते आणि रोगी सावरतो. १९७१ मध्ये सीमेच्या अलीकडे, बनगावच्या निर्वासित छावणीत, सलाइन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबिस यांनी हेच पाणी पिंपांत कालवून लोकांना पाजायला लावले. कॉलऱ्याने मरणाऱ्यांचे प्रमाण छावण्यांत तीस टक्क्यांच्या घरात होते, त्यांच्याकडच्या रोग्यांत ते चार टक्क्यांच्या आत आले. भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले ते २०२३ मध्ये, मरणोत्तर. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने १९७८ मध्येच हा शतकातला सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरू शकेल असे लिहिले होते.

शोध लागला म्हणून तो गरिबाच्या घरी पोहोचतोच असे नाही. पोहोचवण्याचे काम शोधाहून किचकट असते आणि त्याला पारितोषिकेही मिळत नाहीत. ब्रॅकने १९८० पासून दहा वर्षे ते केले. पाकिटातली पावडर सगळीकडे मिळणार नाही हे धरून घरातल्याच वस्तूंचे माप ठरवले: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. बाया-बायांचे गट गावोगाव, घरोघर फिरले. प्रत्येक घरातल्या आईला अर्धा तास बसून दहा गोष्टी सांगायच्या आणि तिच्याच हाताने शरबत करवून घ्यायचे. सुमारे १ कोटी २० लाख घरे अशी पायी पालथी घातली गेली.

या कामाचा पगार कसा ठरत असे, ते ऐकण्यासारखे आहे. महिनाभराने दुसराच माणूस येऊन काही घरांतल्या आयांना विचारी: काय शिकलीस? तिला जितके आठवे, त्यावर शिकवणारीची कमाई ठरे. किती घरांत गेलीस हा प्रश्नच नव्हता. फोटो काढण्याचा तर नव्हताच. तरीही सुरुवातीला अडचण आली. आयांना सगळे पाठ होते, पण मूल आजारी पडले की शरबत कोणी करीत नसे. चौकशी केली तेव्हा कळले की शिकवणाऱ्यांचाच त्यावर भरवसा नव्हता! त्यांना ढाक्याच्या प्रयोगशाळेत नेऊन हे पाणी शरीरात कसे काम करते ते दाखवले. मग ध्यानात आले की घरातल्या पुरुषांना कोणी काही सांगितलेलेच नाही, परक्या बाया येऊन आपल्या बायकोला काय शिकवून गेल्या हे त्यांना रुचत नाही. मग बाजारात, मशिदीत पुरुषांच्या बैठका घेतल्या. त्यानंतर वापर वाढला. आज बांगलादेशात जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी पाजणाऱ्या घरांचे प्रमाण जगात वरच्या क्रमांकाचे आहे. १९९० मध्ये तिथे जन्मणाऱ्या हजार मुलांपैकी सुमारे १४४ पाच वर्षांची होण्याआधी दगावत. आता ही संख्या तिसाच्या आसपास आहे. एकट्या शरबताने हे झाले नाही. लसी आल्या, मुलींच्या शाळा वाढल्या, बायांना सरासरी सात मुले होत ती दोनावर आली.

महाराष्ट्राला ही वाट अनोळखी नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायांना नवजात बाळाची देखभाल शिकवली, ३९ गावांतले बालमृत्यू खाली आणले आणि १९९९ मध्ये ते लॅन्सेटमध्ये मांडले. त्याच धर्तीवरचा प्रयोग पुढे सिल्हेटमध्ये झाला, आणि भारतात तो आशा ताईंच्या कामाचा भाग झाला.

भोलाचे काय झाले? १९७२ नंतर रेड क्रॉस (आताचे रेड क्रेसेंट) आणि सरकारने मिळून किनाऱ्यावर स्वयंसेवक उभे केले. त्यांच्याकडे काय, तर रेडिओ, भोंगा, झेंडा, सायकल. खांबांवर उंच उभ्या इमारती बांधल्या, एरवी शाळा आणि वादळात आसरा. १९९१ च्या वादळात तरीही १ लाख ३८ हजारांच्या आसपास माणसे गेली, कारण निवारे अपुरे होते आणि घरची गुरे सोडून यायला माणसे तयार नव्हती. निवारे वाढवले, गुरांसाठीही जागा केली. २००७ मध्ये 'सिद्र' आले, तेही जबर. मृत्यू साडेतीन हजारांच्या आत राहिले. आज या स्वयंसेवकांची संख्या ७५ हजारांहून जास्त आहे आणि त्यांत निम्म्या बाया आहेत.

आता पुन्हा जकातीच्या रकमेकडे. बांगलादेश म्हटले की मायक्रोक्रेडिटचे, छोट्या कर्जांचे नाव आधी निघते. मुहम्मद युनूस आणि ग्रामीण बँक यांना २००६ चे शांततेचे नोबेल त्यासाठीच मिळाले. सावकाराच्या तावडीतून सुटायला त्या कर्जांनी हातभार लावला हे खरे. पण पुढे वेगवेगळ्या देशांत काटेकोर अभ्यास झाले तेव्हा दिसले की छोट्या कर्जाने सरासरी कुटुंबाची गरिबी फारशी हटत नाही. शिवाय अगदी तळाचा माणूस कर्ज घ्यायलाच धजत नाही. त्याला आठवड्याचा हप्ता दिसतो. २०१० मध्ये आंध्रात हप्त्यांच्या तगाद्याने काय हाहाकार झाला ते शेजारच्या राज्याने पाहिलेच आहे.

हे ओळखून ब्रॅकने २००२ पासून तळातल्या घरांसाठी वेगळी योजना काढली. कर्ज नाही. गावकऱ्यांनाच विचारून सर्वांत गरीब घरे ठरवायची. त्या घरच्या बाईला गाय किंवा शेळ्या किंवा अशीच एखादी कमाईची वस्तू द्यायची, कायमची. ती कमावती होईपर्यंत थोडा खर्च द्यायचा, नाहीतर पोटासाठी गाय विकली जाते. जनावर पाळायचे शिकवायचे, बचत करायला लावायची, आणि दोन वर्षे दर आठवड्याला कोणीतरी घरी जाऊन पाहायचे. अर्थतज्ज्ञांनी २१ हजारांवर घरांची वर्षानुवर्षे पाहणी केली. दुसऱ्याच्या शेतावर किंवा घरी राबणाऱ्या बाया स्वतःच्या जनावरांवर कमावू लागल्या आणि योजना संपल्यावरही ही सुधारणा टिकली. त्याच पाहणीतून एक बारकावा पुढे आला. घरातली मिळकत एका ठरावीक पातळीच्या वर गेली तर कुटुंब पुढे आपले आपण वर चढत जाते. मदत मिळूनही त्या पातळीच्या खालीच राहिले, तर काही वर्षांत पुन्हा मूळपदावर येते. म्हणजे दहा जणांना अपुरे देण्यापेक्षा एकाला पुरेसे देणे, हे इमाम नववींचे गणित बांगलादेशातल्या गोठ्यात सिद्ध झाले.

ही योजना इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू या सहा देशांत करून पाहिली गेली. २०१५ मध्ये निकाल छापून आले. बहुतेक ठिकाणी लाभ दिसला. होंडुरासमध्ये मात्र फसली, कारण तिथे दिलेल्या कोंबड्या रोगाने मेल्या. हीदेखील कामाची गोष्ट आहे. कोंबडी देणाऱ्याने कोंबडीचा रोगही माहीत करून घ्यायला हवा.

बांगलादेशचा चमत्कार म्हणून ढोल पिटण्याचे कारण नाही. १९७८ मध्ये 'देश गारमेंट्स' या कंपनीने कोरियाच्या देवू कंपनीशी करार करून १३० जणांना शिवण शिकायला पाठवले, तिथून सुरू झालेला तयार कपड्यांचा उद्योग आज सुमारे ४० लाख लोकांना काम देतो. त्यांत बायाच जास्त. देशाच्या निर्यातीतला ८० टक्क्यांहून अधिक वाटा या उद्योगाचा. याच उद्योगात २४ एप्रिल २०१३ रोजी साभारमधली राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि ११३४ माणसे मेली. भिंतींना तडे गेल्याचे आदल्या दिवशी दिसले होते. तरीही कामगारांना आत जायला लावले गेले. त्यानंतर परदेशी कंपन्यांना सुरक्षेच्या करारावर सह्या कराव्या लागल्या, कारखाने तपासले गेले. पण किमान वेतन डिसेंबर २०२३ पासून महिना साडेबारा हजार टका झाले तेव्हा कामगार २३ हजार मागत होते. आणि २०२४ च्या उन्हाळ्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले, शेकडो मारले गेले, सरकार गेले, त्याच्या मुळाशी नोकऱ्यांचाच प्रश्न होता. मूल जगवले, शिकवले, की ते मोठे होऊन काम मागते. मूल जगवणाऱ्या देशाला त्याची तयारी ठेवावी लागते.

मुंबईतल्या किंवा मिरजेतल्या माणसाच्या जकातीतून जगाची विषमता मिटेल असे कोणी म्हणत नाही. तिचा मोठा भाग सरकारांच्या आणि सावकार देशांच्या वहीत आहे. श्रीमंत देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाचे ०.७ टक्के गरीब देशांना द्यावेत, असा ठराव संयुक्त राष्ट्रसंघात ऑक्टोबर १९७० मध्ये झाला. भोलाच्या वादळाच्या तीनच आठवडे आधी. अडीच टक्के नव्हे, एक टक्काही नव्हे. २०२४ मध्ये हे वचन डेन्मार्क, लक्झेंबर्ग, नॉर्वे आणि स्वीडन या चारच देशांनी पाळले. सरासरी ०.३३ टक्क्यांवर होती, आणि त्यानंतर अमेरिकेने तर आपली मदत संस्थाच बंद केली. त्याच्या उलट दिशेने कर्जाचे व्याज वाहते. ज्या देशांची सरकारे आरोग्यावर किंवा शिक्षणावर करतात त्यापेक्षा जास्त खर्च व्याजावर करतात, त्या देशांत ३०० कोटींहून अधिक माणसे राहतात. कर्जदाराला जकातीच्या हकदारांत का धरले असेल, हे व्याजाच्या या आकड्यांवरून उमगते. २००१ मध्ये टांझानियाला कर्जमाफी मिळाली तेव्हा तिथे प्राथमिक शाळांची फी रद्द झाली आणि शाळांत मुलांची झुंबड उडाली. ही गर्दी मात्र कोणाच्या जिवावर उठली नाही.

पैसा गरीब देशात पोहोचण्याचा आणखी एक मार्ग कोकणाला पाठ आहे. रत्नागिरी, रायगडच्या खाड्यांकाठच्या कित्येक मोहल्ल्यांतली पक्की घरे कुवेत, दुबई, दोहाच्या पगारावर उभी राहिली. परदेशी राबणाऱ्यांनी गरीब आणि मध्यम देशांत घरी पाठवलेली रक्कम २०२३ मध्ये साडेसहाशे अब्ज डॉलरच्या आसपास होती. सगळ्या श्रीमंत सरकारांच्या मदतीच्या जवळजवळ तिप्पट. आणि हा पैसा पाठवण्यासाठी मधले लोक सरासरी सहा टक्क्यांहून अधिक कापतात. दोनशे डॉलर पाठवले की बारा-तेरा डॉलर वाटेतच संपतात, आफ्रिकेत त्याहून जास्त. जगातल्या देशांनी हे प्रमाण २०३० पर्यंत तीन टक्क्यांच्या आत आणायचे ठरवले आहे. मजुराच्या घामातून हे जे कापले जाते, त्याची चर्चा मदतीच्या परिषदांत फारशी होत नाही.

जकात आपल्याच वस्तीत द्यावी की दूरच्या देशात, यावर उलेमांत मतभेद नवा नाही. आधी जवळच्यांचा हक्क, हा सर्वसाधारण नियम. दूरची गरज मोठी असेल तर तिकडे पाठवण्यालाही अनेकांनी मोकळीक दिली आहे. इंडोनेशियात २००१ पासून राष्ट्रीय पातळीवर जकात गोळा करणारी संस्था आहे, मलेशियात राज्याराज्यांत आहे, निर्वासितांसाठी संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्थेनेही वेगळा जकात निधी उघडला आहे. अशा निधीतही गळती आणि दिरंगाई होते, ते आंधळेपणाने मानायचे कारण नाही. तिथे पावती मागावी, हिशेब मागावा. रमजानात पावतीपुस्तक घेऊन दूरदूरच्या मदरशांतून येणाऱ्या सफीरांना जे प्रश्न विचारले जातात, तेच प्रश्न मोठ्या कार्यालयांनाही विचारायचे.

घराजवळच्या हिशेबाचा एक नमुना घेता येईल. ज्याची जकातपात्र मिळकत वीस लाख, त्याची जकात पन्नास हजार. पाचशेची एक धरली तर शंभर साड्या. दारात शंभर बायांची रांग लागेल, त्यांतल्या काही पहाटेपासून येतील, आणि पुढच्या रमजानात त्याच शंभर जणी पुन्हा येतील. मालेगावात किंवा भिवंडीत, नवरा गेलेल्या आणि दुसऱ्याच्या घरी बिनहिशेबी राबणाऱ्या एखादीला त्याच रकमेत चांगले शिलाई मशीन येईल, कापड येईल आणि काम हाताला बसेपर्यंत काही महिन्यांचा किराणाही निघेल. चार नातलगांनी जकात एकत्र केली तर अशा चौघी होतील. उरलेल्या शहाण्णव जणींचे काय, हा प्रश्न मात्र राहतो, आणि तो खोटा नाही. त्यांच्यासाठी फित्रा आहे, सदका आहे, आणि तो रात्री त्यांच्या घरी नेऊन देता येतो. मशीन दिल्यावर दर आठवड्याला कोणीतरी जाऊन विचारायला लागेल, सुई तुटली का, गिऱ्हाईक मिळाले का. पैशांपेक्षा हा वेळ काढणेच जड जाते. ब्रॅकच्या योजनेतही खर्चाचा मोठा भाग या फेऱ्यांवरच होत असे.

एतेकाफवाले आता मशिदीत बसले आहेत. हिशेबाच्या वह्या बहुतेक घरांत अजून उघड्या आहेत. साड्यांच्या दुकानांत 'जकातीच्या साड्या' असे लिहिलेला वेगळा गठ्ठा याही वर्षी लागला आहे; घाऊक घेतल्या तर भाव कमी होतो.